चेहऱ्यावरील लाली : समज, गैरसमज आणि योग्य उपचार

दिवा-रोहा लोहमार्गावर नागोठणे मागे पडले की रोह्याच्या अलीकडे निडी हे लहानसे स्थानक लागते. भातशेती, वीटभट्ट्या आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी माणसे, असा हा सारा परिसर. चैत्र-वैशाखात येथील ऊन अक्षरशः भाजून काढते. याच रायगड जिल्ह्यातील भिरा येथे मार्च २०१७ च्या अखेरीस ४६.५ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली आणि ती देशभर चर्चेचा विषय ठरली. अशा मुलखात कोणाचा चेहरा लाल दिसला, तर त्याचा फारसा विचार कोणी करीत नाही. ‘ऊन लागलं’, ‘पित्त उठलं’ असे म्हणून विषय संपतो. चेहरा एखाद्या पुरुषाचा असेल आणि त्यातही नाक लाल असेल, तर आणखी एक निष्कर्ष काढला जातो. तो समोर बोलला जात नाही. मागे मात्र बोलला जातो.

चेहऱ्यावरील लालीसारख्या विषयावर आम्ही लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. परंतु या विकाराने त्रस्त झालेली माणसे दोन गोष्टींमुळे अधिक दुखावली जातात असे आमच्या पाहण्यात आले आहे. एक म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा संशय आणि दुसरी म्हणजे औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली क्रीमची ट्यूब. पहिलीने मन दुखावते. दुसरीने चेहरा बिघडतो. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या लेखनातून जे समजून घेता आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रोझेशिया म्हणजे काय?

दीर्घकाळ टिकणाऱ्या लालीचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे ‘रोझेशिया’. हा शब्द लॅटिन भाषेतून आला असून ‘गुलाबासारखा’ असा त्याचा अर्थ आहे. सेमिनरीत लॅटिन गिरवलेल्यांना तो लगेच कळतो. ज्याच्या गालांवर हा गुलाब फुलतो त्याला मात्र त्यात काही काव्य दिसत नाही.

रोझेशिया हा त्वचेचा दीर्घकालीन दाहक विकार होय. दोन्ही गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग ही त्याची ठरलेली जागा. बहुधा तिशी उलटल्यावर तो डोके वर काढतो. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो, तर नाकाची त्वचा जाड व गाठाळ होण्याचा प्रकार मुख्यत्वे पुरुषांत दिसतो. आरंभी लाली येते आणि जाते. चुलीपुढे बसल्यावर, उन्हातून आल्यावर किंवा रागाच्या भरात चेहरा तापतो आणि काही वेळाने निवतो. पुढे ती लाली मुक्कामाला येते. गालांवर आणि नाकाच्या कडांना बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते. काहींना लाल पुटकुळ्या येतात व त्यांत पू धरतो. त्यामुळे ‘या वयात तारुण्यपीटिका कशा?’ असा प्रश्न पडतो. परंतु तारुण्यपीटिकांबरोबर येणारे काळे-पांढरे बारीक टोपीदार दाणे रोझेशियात नसतात. एवढ्यावरून डॉक्टरांना पुष्कळदा फरक कळतो.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. त्याच टॉवेलला तोंड पुसल्याने किंवा त्याच पेल्यातून पाणी प्यायल्याने तो दुसऱ्याला होत नाही. अस्वच्छतेमुळेही तो होत नाही. उलट चेहरा वारंवार साबणाने घासून धुणाऱ्यांचा त्रास वाढतो. त्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. घराण्यातून आलेली प्रवृत्ती असते, चेहऱ्यातील रक्तवाहिन्या व मज्जातंतू वाजवीपेक्षा हळवे असतात. त्वचेची उपजत संरक्षणयंत्रणाही अकारण चवताळते. या यंत्रणेतील कॅथेलिसिडिन नावाचे प्रथिन रोझेशियाच्या रुग्णांत अधिक प्रमाणात आणि वेगळ्या रूपात असते, असे २००७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले. डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म कीटक प्रत्येक प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर थोडेबहुत असतातच. रोझेशियात त्यांची संख्या वाढलेली आढळते आणि दाहाला त्यांचाही हातभार लागतो.

सावळ्या चेहऱ्यावर लाली लपते

युरोपात या विकाराला ‘केल्ट लोकांचा शाप’ असे म्हणत. गोऱ्यापान माणसांचा हा आजार, तो आपल्याकडे कुठला, अशी समजूत त्यातून पसरली. वैद्यकीय पुस्तकांतील छायाचित्रेही बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांचीच होती. प्रत्यक्षात सावळ्या वर्णाच्या माणसांनाही रोझेशिया होतो. फक्त त्यांची लाली डोळ्यांना चटकन दिसत नाही. ती तांबूस-तपकिरी किंवा जांभळट छटेत मिसळून जाते आणि पाहणारा म्हणतो, ‘थोडी काळवंडली आहे, एवढंच.’

म्हणून आपल्या लोकांनी रंगापेक्षा संवेदनेकडे अधिक लक्ष द्यावे. गाल वारंवार गरम होतात काय? नेहमीचा साबण किंवा पावडर लावली तरी चुरचुरते काय? त्वचा कोरडी, खरखरीत आणि थोडी सुजल्यासारखी वाटते काय? स्वच्छ उजेडात गालावर बोट दाबून उचलावे. दाबलेली जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा तांबूस होत असेल, तर खालच्या रक्तवाहिन्या फुललेल्या आहेत असे समजावे. हे काही निदान नव्हे, पण डॉक्टरांकडे जाण्यास पुरेसे कारण आहे. जुना फोटो शेजारी धरून पाहिला तरी पुष्कळ उलगडा होतो.

लाल नाक आणि लोकांची जीभ

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात इटालियन चित्रकार डोमेनिको घिर्लांदायो याचे १४९० च्या सुमारास रंगवलेले एक प्रसिद्ध चित्र आहे. एक वृद्ध गृहस्थ आणि त्याला बिलगलेला लहान नातू. वृद्धाचे नाक फुगलेले, गाठाळ, जणू मुळ्या फुटल्यासारखे. त्वचारोगतज्ज्ञ त्या नाकाकडे बोट दाखवून ‘रायनोफायमा’ असे सांगतात. रोझेशियाशी संबंधित हीच ती नाक जाड होण्याची अवस्था. चित्रकाराने ती झाकली नाही. आणि त्या मुलाच्या नजरेत किळस नाही, भीती नाही. ते आजोबांकडे मायेने पाहत आहे.

असे नाक म्हणजे दारूच्या व्यसनाची खूण, हा समज जगभर आहे आणि आपल्या कोकण किनाऱ्यावरही तो पक्का आहे. याबाबत वस्तुस्थिती स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याला रोझेशिया आहे त्याने मद्य घेतले तर लाली भडकते, हे खरे. नियमित मद्यपान आणि हा विकार यांच्यात काही संबंध असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे, हेही खरे. परंतु आयुष्यात थेंबही न घेतलेल्या स्त्री-पुरुषांना रोझेशिया होतो, त्यांचेही नाक जाड होते. तेव्हा नाकावरून कोणाच्या व्यसनाचा पंचनामा करता येत नाही. लोक काय म्हणतील या धास्तीने एखादा मनुष्य मिस्साला मागच्या खांबाआड उभा राहू लागतो, लग्नकार्याला जाणे टाळतो. इतकेच नव्हे, तर ‘डॉक्टरसुद्धा तेच विचारतील’ म्हणून दवाखान्याचीही पायरी चढत नाही. जाड झालेल्या नाकावर शस्त्रक्रियेने व लेझरने चांगला उपचार होतो. तो घेण्याआड परनिंदा येत असेल, तर ते पाप ज्याच्या-त्याच्या पदरी पडते.

तीन दिवसांत गुण देणारी ट्यूब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चेहऱ्यावर लाली आली, पुटकुळ्या आल्या किंवा वांग दिसू लागले की आपल्याकडे पहिली धाव औषधांच्या दुकानाकडे असते. मुलीचे लग्न ठरले की ही धाव अधिकच वेगाने होते. दुकानदार एक ट्यूब देतो. कधी ती शेजारीण देते, कधी ब्यूटी पार्लरमधून येते. तीन-चार दिवसांत चेहरा नितळ होतो, उजळही दिसतो. असा गुण दुसऱ्या कशाने येत नाही, म्हणून ती ट्यूब घरात कायमची ठेवली जाते.

या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असते. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दाह दाबून टाकते. म्हणूनच लाली झपाट्याने ओसरते. पण आठवडे आणि महिने लोटले की त्वचा पातळ होऊ लागते. रक्तवाहिन्या कायमच्या फुलून वर दिसू लागतात, पुटकुळ्यांचे पीक येते, गालांवर लव वाढते, कुठे काळे तर कुठे पांढरे डाग पडतात. मग घाबरून क्रीम बंद करावी, तर दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होतो, सुजतो आणि आग होते. क्रीम पुन्हा लावली की शांत. त्यामुळे ‘ही क्रीम मला मानवते’ असा ग्रह दृढ होतो, आणि जिने आग लावली तिच्याकडेच ती विझवण्यासाठी जावे लागते.

हे काही नवे ज्ञान नाही. त्वचेवर लावण्याचे हायड्रोकॉर्टिसोन १९५२ साली वापरात आले. पुढे अधिक तीव्र स्टिरॉइडे आली आणि १९७० च्या दशकातच ‘स्टिरॉइड रोझेशिया’ हे नाव वैद्यकीय नियतकालिकांत छापले जाऊ लागले. आपल्या देशात या बिघाडाचे प्रमाण एवढे वाढले की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टिरॉइडने नासलेला चेहरा, असे वेगळे नाव दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावीत होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरेतर व्यक्तीने सुचवले होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची १४ स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. नियम झाला, काउंटरवर तो कितपत पाळला जातो हे वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

यावर उपाय एकच. ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत, दिसत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्ल्युओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ती क्रीम स्टिरॉइडची आहे. गोरे करणाऱ्या क्रीममध्ये ते हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्या जोडीने लपलेले असते. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ताच नाही ती तर हातीही धरू नये; अशा काही क्रीममधील पाऱ्यामुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या घटना २०२३ साली महाराष्ट्रात आणि केरळात उजेडात आल्या. अर्थात स्टिरॉइड हे मुळात विष नव्हे. डॉक्टरांनी इसबासाठी ठरावीक जागी, ठरावीक दिवस लावायला दिलेली क्रीम भीतीपोटी टाकून देऊ नये.

महिनोन्महिने क्रीम लावलेली असेल तर ती त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली बंद करावी. बंद केल्यानंतरचा भडका काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. या काळात थंड पाण्याच्या घड्या, साधे मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे यांचा आधार घ्यावा लागतो. घरच्या मंडळींना एक विनंती आहे. ‘आधीच बरी दिसत होतीस, कशाला सोडलीस?’ हे वाक्य या दिवसांत तोंडातून काढू नये. पुष्कळजणी त्या एका वाक्यापायी पुन्हा ट्यूबकडे वळतात.

प्रत्येक लाली रोझेशिया नव्हे

रजोनिवृत्तीच्या काळात चेहऱ्यावर झळा येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अम्लोडिपिनने, चेहरा तापतो. केसांना लावण्याच्या कलपाची अॅलर्जी कपाळावर व पापण्यांवर उतरते. याहून गंभीर दोन शक्यता मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखा पसरलेला, परंतु नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घड्या मोकळ्या सोडणारा लालसर पट्टा आणि त्यासोबत सांधेदुखी, ताप, तोंडात व्रण, केसगळती असेल, तर ल्यूपस या आजाराची तपासणी विनाविलंब करावी. तो मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो.

दुसरी शक्यता कुष्ठरोगाची. पनवेलजवळील नेरे येथील शांतिवनामुळे रायगडकरांना हा आजार अपरिचित नाही. तरीही चेहऱ्यावर तो वेगळ्या रूपात आला की ओळखू येत नाही. लालसर, किंचित उंचावलेला चट्टा, जिथे स्पर्श नीट कळत नाही, किंवा जाड होत चाललेल्या कानाच्या पाळ्या, ही त्याची चिन्हे. रोझेशियात त्वचा अतिसंवेदनशील होते, कुष्ठरोगात ती बधिर होते. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो व रोग पूर्ण बरा होतो. अशा चट्ट्यावर स्टिरॉइड चोळत बसले तर निदानच लांबते.

रोजच्या जगण्यात काय करावे?

रोझेशिया मुळासकट उपटून टाकणारे औषध आज नाही. तो आटोक्यात मात्र चांगला राहतो. पहिला शत्रू ऊन. सनस्क्रीन ३० किंवा अधिक एसपीएफचे असावे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले हळव्या त्वचेला अधिक मानवते. ते सावळ्या चेहऱ्यावर पांढुरके दिसते म्हणून अनेकजण टाकून देतात. हल्ली त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन मिळते, ते घ्यावे. ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान छत्री, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर यांना कमी लेखू नये. गुड फ्रायडेला क्रुसाची वाट भर दुपारी उघड्यावर असेल, तर अशा रुग्णांनी सावलीच्या कडेने चालावे. त्यात भक्ती उणावत नाही.

दुसरा शत्रू आच. पेणचे पापड घरोघरी पोहोचतात; ते लाटून उन्हात वाळत घालणाऱ्या आणि पुन्हा संध्याकाळी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना ऊन आणि आच दोन्ही मिळतात. वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांची तर गोष्टच वेगळी. ‘उष्णता टाळा’ असा सल्ला त्यांना देणे सोपे आहे. जमेल तेवढे करावे : चूल दाराजवळ किंवा पडवीत हलवावी, मधून मधून उठून ओला रुमाल चेहऱ्यावर ठेवावा, बर्फाचा खडा मिळाला तर तोंडात धरावा.

चहाबद्दल मात्र दिलासा देण्यासारखी माहिती आहे. १९८१ साली झालेल्या एका प्रयोगात कढत कॉफीने रुग्णांचा चेहरा लाल झाला, तसा तो नुसत्या कढत पाण्यानेही झाला. गार कॉफीने मात्र झाला नाही. दोष कॉफीतील द्रव्याचा नव्हता, उष्णतेचा होता. पुढे २०१८ साली अमेरिकेतील ८२ हजारांहून अधिक परिचारिकांच्या माहितीवरून असेही दिसले की अधिक कॉफी घेणाऱ्यांत रोझेशियाचे प्रमाण कमी होते. तेव्हा चहा सोडण्याची गरज नाही; तो बशीत ओतून, निववून प्यावा. आपल्या आज्या तो तसाच पीत असत. तिखटाचे प्रत्येकाचे गणित निराळे असते. कोणाला सुक्या मासळीचे झणझणीत कालवण सोसते, कोणाला साधी हिरवी मिरचीही नाही. दोन-तीन आठवडे एका वहीत काय खाल्ले, कुठे गेलो आणि चेहरा केव्हा पेटला हे लिहून ठेवले तर आपला शत्रू आपल्याला कळतो. उगाच सगळेच पदार्थ वर्ज्य करू नयेत.

चेहरा कोमट पाण्याने, बोटांच्या अग्रांनी हलकेच धुवावा आणि टिपून कोरडा करावा. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, वाफारा, ब्लीच, कापूर किंवा मेन्थॉल असलेले मलम, दगडाने घासणे, हे सारे बंद.

औषधांपैकी मेट्रोनिडॅझोल, अॅझेलिक अॅसिड आणि आयव्हरमेक्टिन ही लावण्याची औषधे पुटकुळ्यांवर गुणकारी आहेत. त्यांचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात. तीन दिवसांत गुण न आल्यास निराश होऊ नये. तीव्र त्रासात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्या भरपूर पाण्यासोबत, बसून घ्याव्यात आणि गरोदर स्त्रियांनी घेऊ नयेत. आयसोट्रेटिनॉइन तर गर्भाला अतिशय घातक आहे. ते तज्ज्ञांशिवाय कोणी घेऊच नये. ब्रिमोनिडिन जेलने लाली काही तासांपुरती ओसरते, पण काहींत ती दुप्पट जोराने परतते. फुललेल्या रक्तवाहिन्यांवर लेझर उपयोगी पडते. सावळ्या त्वचेवर त्याने डाग पडण्याचा धोका असल्याने हात अनुभवी असावा.

डोळ्यांकडे दुर्लक्ष नको. पुष्कळ रुग्णांच्या पापण्यांना सूज येते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, वारंवार रांजणवाडी होते. कधी कधी हा त्रास चेहऱ्याच्या आधीच सुरू होतो. उजेड सहन होईनासा झाला, डोळा दुखू लागला किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण बुबुळावरील पारदर्शक पडद्याला इजा होऊ शकते.

निडी परिसरातील वाचकांना रोहा आणि पेण येथील सरकारी रुग्णालयांत तसेच अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात प्राथमिक चौकशी करता येईल. कामोठे येथील एमजीएम रुग्णालयात आणि मुंबईच्या केईएम व जेजे रुग्णालयांत स्वतंत्र त्वचारोग विभाग आहेत. बाह्यरुग्ण विभागाची वेळ आधी विचारून सकाळची गाडी धरावी. त्या दिवशी चेहऱ्याला पावडर किंवा क्रीम लावू नये. आजवर जी जी ट्यूब वापरली ती रिकामी झालेली असली तरी पिशवीत टाकून न्यावी. तिच्यावरचे नाव पाहूनच डॉक्टर पुढचे ठरवतात.